कणांना धक्का नेमका कधी द्यायचा? त्वरकाची आरएफ यंत्रणा कशी आखतात

विजेचा भार असलेल्या कणाला वेग द्यायचा तर त्याला व्होल्टेजच्या फरकातून सोडायचं, एवढं शाळेतल्या भौतिकशास्त्रात शिकलेलं असतं. एक व्होल्टचा फरक ओलांडला की इलेक्ट्रॉनला एक इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. मग त्वरकात, म्हणजे कणांना वेग आणि ऊर्जा देणाऱ्या यंत्रात, तीन अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट हवे असतील तर तीन अब्ज व्होल्ट उभे करायचे का? ते होत नाही. व्होल्टेज वाढवत नेलं की कधी ना कधी ठिणगी पडतेच. या वाटेने गेलेल्या सर्वांत मोठ्या यंत्रांनीही पंचवीस दशलक्ष व्होल्टच्या आसपास हात टेकले.

मग दुसरी युक्ती सुचते. कणाला चुंबकांनी वळवून पुन्हा त्याच दोन पट्ट्यांमधून का नेऊ नये? दर फेरीला तेच व्होल्टेज वापरायला मिळेल. पण पट्ट्यांमधलं क्षेत्र स्थिर असेल तर हेही जमत नाही. पट्ट्यांमधून जाताना जेवढं मिळालं तेवढंच बाहेरच्या वाटेने परत येताना द्यावं लागतं. डोंगर उतरून आलेल्याला पुन्हा उतरायचं असेल तर आधी चढावंच लागतं, तसं. फेरी पूर्ण झाली की हिशेब शून्य.

यातून सुटायचं तर क्षेत्र वेळेनुसार बदलतं हवं. स्वीडनच्या गुस्ताव इझिंग यांनी १९२४ मध्ये ही कल्पना मांडली आणि नॉर्वेच्या रॉल्फ विडेरो यांनी १९२८ मध्ये ती करून दाखवली. त्यांनी एका रांगेत धातूच्या तीन नळ्या ठेवल्या आणि मधल्या नळीला उलटसुलट होणारं २५ हजार व्होल्टचं व्होल्टेज दिलं. पहिल्या फटीत आयन पोचला तेव्हा मधल्या नळीने त्याला ओढून घेतलं. तो नळीच्या आत, क्षेत्रापासून सुरक्षित असताना व्होल्टेजचं चिन्ह उलटलं. बाहेर पडताना त्याच नळीने त्याला ढकललं. २५ हजार व्होल्टच्या साधनातून ५० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे आयन निघाले.

तिथून पुढे प्रश्नच बदलला. धक्का किती मोठा, यापेक्षा तो कधी द्यायचा, हे महत्त्वाचं झालं. हे धक्के देणाऱ्या रेडिओ फ्रिक्वेन्सी यंत्रणेबद्दल, म्हणजे आरएफ यंत्रणेबद्दल लिहिताना बहुतेक जण मेगावॅट आणि मेगाव्होल्टच्या आकड्यांवर भर देतात. मला वाटतं त्याने वाचकाची दिशाभूल होते. ही यंत्रणा मुळात एक घड्याळ आहे. तिला भरपूर वीज लागते हे खरं, पण तिच्या आखणीतला जवळपास प्रत्येक निर्णय शेवटी वेळेपाशी येऊन थांबतो.

एकच सूर धरणारी पोकळी

आजच्या त्वरकात विडेरोंच्या नळ्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी कॅव्हिटी असते. कॅव्हिटी म्हणजे तांब्याची किंवा निओबियम या धातूची पोकळ डबी, तिच्या दोन्ही बाजूंना कण ये-जा करण्यापुरती भोकं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की बाटली आपला एक ठरलेला सूर देते. फुंकर हलकी असली तरी आतली हवा त्या सुरात जोराने हलते, कारण प्रत्येक कंपनाला थोडी थोडी भर पडत जाते. कॅव्हिटीत हवेच्या जागी विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं. योग्य वारंवारतेची शक्ती आत सोडत राहिलं की मधल्या फटीत शेकडो किलोव्होल्ट, कधी कित्येक मेगाव्होल्ट उभे राहतात.

सूर ठरतो तो डबीच्या आकारावरून. साध्या गोल डबीचा हिशेब केला तर १ गिगाहर्ट्झसाठी त्रिज्या साडेअकरा सेंटिमीटर येते, ५०० मेगाहर्ट्झसाठी २३ सेंटिमीटर. ५० मेगाहर्ट्झची डबी करायची म्हटली तर त्रिज्याच सव्वादोन मीटरच्या वर जाते. त्यामुळे खालच्या वारंवारतेला साधी डबी परवडत नाही. तिथे आतून दुमडलेले आकार किंवा फेराइट या चुंबकीय सिरॅमिकची कडी वापरून लहान जागेत तोच सूर काढावा लागतो.

सूर किती वेळ टिकतो याचंही माप आहे, त्याला क्यू म्हणतात. चांगल्या तांब्याच्या कॅव्हिटीचा क्यू ३०-४० हजार असतो. अतिसंवाहक, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला जवळजवळ विरोध न करणाऱ्या निओबियमचा क्यू एक हजार कोटी, म्हणजे एकावर दहा शून्यं, इतका जातो. ५०० हर्ट्झच्या सुराची एखादी घंटा इतक्या क्यूची करता आली, तर एकदा टोला दिल्यावर तिची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशावर यायला ३७ दिवस लागतील. शून्याखाली २७१ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेल्या त्या चकचकीत डब्यांमध्ये खरोखर हेच घडतं, फक्त सूर १.३ गिगाहर्ट्झचा असल्याने ३७ दिवसांऐवजी सव्वा सेकंद लागतो. तांब्यात हेच काम चार मायक्रोसेकंदांत आटोपतं.

शिखरावर नाही, उतारावर

क्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटतं. म्हणजे कणांचा सलग प्रवाह चालत नाही. निम्मे पुढे ढकलले जातील आणि निम्मे मागे ओढले जातील. म्हणून कण पुंजक्या-पुंजक्यांनी धावतात. त्वरकाच्या भाषेत याला बंच म्हणतात. प्रत्येक पुंजका कॅव्हिटीत लाटेच्या ठरलेल्या क्षणी, म्हणजे ठरलेल्या फेजला पोचला पाहिजे.

तो क्षण कोणता असावा? पहिलं उत्तर सुचतं ते लाटेचं शिखर. सर्वांत जास्त व्होल्टेज तिथेच आहे. पण वर्तुळाकार त्वरकात शिखरावर बसवलेला पुंजका टिकत नाही. का, ते इलेक्ट्रॉनच्या रिंगवरून पाहू. इथे कण जवळजवळ प्रकाशवेगानेच धावतात, त्यामुळे जास्त ऊर्जेचा कण अधिक वेगाने जात नाही. तो वळणावर थोडा बाहेरून जातो, त्याची वाट लांबते आणि कॅव्हिटीपाशी तो उशिरा पोचतो. आता पुंजका लाटेच्या उतरत्या बाजूवर ठेवला असेल तर उशिरा आलेल्याला कमी व्होल्टेज मिळतं. त्याची जास्तीची ऊर्जा आपोआप कमी होते. कमी ऊर्जेचा कण आतून, जवळच्या वाटेने लवकर येतो आणि त्याला जास्त व्होल्टेज मिळतं. कुणीही हात न लावता मागचे-पुढचे सगळे मधल्या एका कणाभोवती झुलत राहतात. शिखरावर मात्र उशिरा येणारा आणि लवकर येणारा, दोघांनाही कमीच मिळतं. त्यांना मधल्याकडे परत आणणारं काही उरत नाही.

सोव्हिएत संघात व्लादिमीर वेक्सलर यांनी १९४४ मध्ये आणि अमेरिकेत एडविन मॅकमिलन यांनी १९४५ मध्ये स्वतंत्रपणे हे ओळखलं. फेजचं हे स्थैर्य माहीत नसतं तर आजचा एकही मोठा सिंक्रोट्रॉन, म्हणजे वर्तुळाकार त्वरक, चालला नसता. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अब्जावधी कणांची वैयक्तिक काळजी घेणं अशक्य होतं, ती काळजी लाटेच्या आकारानेच घेतली.

सरळ रेषेतल्या त्वरकात, म्हणजे लिनॅकमध्ये, प्रोटॉन अजून हळू असतील तर गणित उलटं होतं. तिथे जास्त ऊर्जेचा कण खरोखरच लवकर पोचतो, म्हणून पुंजका चढत्या बाजूवर ठेवायचा. इलेक्ट्रॉनच्या लिनॅकमध्ये कण लगेचच प्रकाशवेगाजवळ जातात, मग मागे-पुढे होणं जवळपास थांबतं आणि शिखराच्या अगदी जवळ राहता येतं.

उतारावर बसायचं तर लागतं त्यापेक्षा बरंच जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. कण ज्या मर्यादेत झुलू शकतो त्या जागेला बकेट म्हणतात आणि जास्तीच्या व्होल्टेजने ही बादली खोल होते. एकाच पुंजक्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांवर आपटून काहींची ऊर्जा अचानक बदलते. बादली उथळ असेल तर ते सांडतात आणि रिंगमधला प्रवाह लवकर आटतो.

वारंवारता निवडणं

कोऱ्या कागदावर पहिला आकडा लिहायचा तो हा. नंतर तो बदलणं म्हणजे सगळं नव्याने मांडणं.

तांब्याच्या बाजूने पाहिलं तर वारंवारता जास्त असणं बरं. डब्या लहान होतात, त्याच लांबीत त्याच शक्तीतून जास्त व्होल्टेज मिळतं आणि ठिणगी पडायच्या आधी जास्त क्षेत्र सोसतं. रुग्णालयांत कर्करोगावर किरणोपचार करणारी यंत्रं ३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात ती यामुळेच. मीटरभर लांबीच्या आत काम होतं आणि यंत्र रुग्णाभोवती फिरवता येतं. स्टॅनफर्डचा तीन किलोमीटर लांबीचा लिनॅकही २८५६ मेगाहर्ट्झवर बांधला गेला.

पण डबी लहान झाली की कणांच्या वाटेचं भोकही लहान होतं. पुंजका जाताना मागे स्वतःच्या क्षेत्राची खळबळ सोडतो, नावेमागे पाण्यात उमटते तशी. ही खळबळ अरुंद वाटेत झपाट्याने वाढते. आडव्या दिशेला ढकलणारा तिचा भाग तर साधारण वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वारंवारता दुप्पट केली की त्रास आठपट. निओबियमची अडचण आणखी वेगळी आहे. अतिसंवाहक असला तरी उलटसुलट क्षेत्रात तो थोडा तापतो आणि हे तापणं वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे वाढतं. म्हणून मोठ्या अतिसंवाहक त्वरकांचे आकडे बहुधा ३५० मेगाहर्ट्झ ते १.३ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात दिसतात.

एक अगदी व्यवहारी कारणही आहे. त्या वारंवारतेला शक्ती देणारं यंत्र कुणी बनवतं का? दुसऱ्या महायुद्धानंतर लुईस अल्वारेझ यांनी बर्कलीत प्रोटॉनचा लिनॅक बांधला तो २०० मेगाहर्ट्झवर, कारण रडारची शिल्लक सामग्री त्या वारंवारतेची होती. ५०० मेगाहर्ट्झच्या रिंगना टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी विकसित झालेल्या नळ्यांचा उपयोग झाला. भौतिकशास्त्र पट्टा सांगतं, त्यातला नेमका आकडा अनेकदा कारखाने ठरवतात. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. तीस वर्षं चालवायच्या यंत्राला तीस वर्षं सुटे भाग लागतात.

रिंगसाठी आणखी एक अट आहे आणि ती टाळता येत नाही. कणाला एक फेरी मारायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात लाटेची पूर्ण संख्येइतकीच आवर्तनं व्हायला हवीत. नाहीतर दर फेरीला पुंजका लाटेच्या वेगळ्याच जागी येईल. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे एलएचसीत, प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतात आणि एका फेरीत आरएफची ३५,६४० आवर्तनं होतात. गुणाकार केला की सुमारे ४०० मेगाहर्ट्झ. म्हणजे रिंगमध्ये ३५,६४० बादल्या, अडीच-अडीच नॅनोसेकंदांच्या अंतराने. त्यातली जास्तीत जास्त दर दहावी भरतात, म्हणून पुंजके २५ नॅनोसेकंदांनी येतात.

याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे. वारंवारता ठरली की कणांच्या वाटेची लांबी ठरली. एलएचसीच्या आधी त्याच बोगद्यात लेप नावाची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची रिंग होती. तिथल्या शास्त्रज्ञांना पुंजक्यांची ऊर्जा दिवसभरात किंचित वर-खाली होताना दिसली. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते तशी जमीनही थोडी फुगते आणि २७ किलोमीटरची रिंग जेमतेम मिलिमीटरभर ताणली जात होती. आरएफचं घड्याळ मात्र जागचं हललं नाही. त्यामुळे कणांना पूर्वीच्याच लांबीच्या वाटेवर राहणं भाग होतं. चुंबक सरकले, वाट सरकली नाही. कण चुंबकांच्या मधोमध न जाता किंचित बाजूने जाऊ लागले आणि ऊर्जा बदलली. २७ किलोमीटर लांबीच्या यंत्रात शेवटचा शब्द त्या वारंवारतेचा असतो, हे यापेक्षा चांगलं कसं सांगावं मला माहीत नाही.

आता शक्तीचा हिशेब

एक काल्पनिक रिंग घेऊ. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ३ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, वळणाची त्रिज्या १० मीटर, प्रवाह ३०० मिलिअँपिअर, आरएफ ५०० मेगाहर्ट्झ. वळताना इलेक्ट्रॉन क्ष-किरण सोडतो आणि त्यात दर फेरीला सुमारे ७ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट गमावतो. ही भरपाई आरएफने करायची. ७ लाख व्होल्ट गुणिले ०.३ अँपिअर म्हणजे सुमारे २१० किलोवॅट. एवढी शक्ती फक्त प्रकाशाच्या रूपाने निघून जाणाऱ्या ऊर्जेची.

बादली खोल हवी म्हणून एकूण व्होल्टेज २४ लाख ठेवू. चार तांब्याच्या कॅव्हिटी, प्रत्येकीवर ६ लाख. इतकं व्होल्टेज धरून ठेवायला एक कॅव्हिटी भिंतींत सुमारे ५० किलोवॅट जाळते. चार मिळून २०० किलोवॅट. म्हणजे जवळपास निम्मी शक्ती थंड करणाऱ्या पाण्यात जाते.

कॅव्हिटी दोनच घेतल्या तर? प्रत्येकीवर १२ लाख व्होल्ट येतील. भिंतीतलं नुकसान व्होल्टेजच्या वर्गाने वाढतं, म्हणून एकेकीत २०० आणि दोन्हींत मिळून ४०० किलोवॅट. इतकी उष्णता एका डबीतून काढणं कठीण. आठ घेतल्या तर भिंतीतलं एकूण नुकसान शंभरावर येईल, पण प्रत्येक कॅव्हिटीला रिंगच्या सरळ भागात जागा हवी, स्वतःचा शक्तीचा मार्ग हवा, स्वतःचं नियंत्रण हवं आणि प्रत्येक कॅव्हिटी मघाची ती खळबळ वाढवते. चार हा आकडा अशा ओढाताणीतून येतो.

अतिसंवाहक कॅव्हिटीत भिंतीतलं नुकसान काही वॅट ते काही दशक वॅटवर येतं. ऐकायला स्वप्नवत आहे, पण ती उष्णता द्रव हेलियमच्या तापमानातून उपसून काढायची असते. ४.५ केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसला, एक वॅट काढायला बाहेर सुमारे अडीचशे वॅट लागतात, २ केल्व्हिनला हजाराच्या जवळपास. तरीही मोठ्या व्होल्टेजला आणि सतत चालणाऱ्या यंत्रांना हाच सौदा परवडतो. लेपमध्ये शेवटी १०४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला दर फेरीचं नुकसान तीन अब्जांच्या वर गेलं होतं. तेवढं व्होल्टेज सतत उभं ठेवणं तांब्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

प्रोटॉनचं चित्र अगदी वेगळं. ते जड असल्याने वळताना फारच थोडं गमावतात. एलएचसीत ७ लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टलाही दर फेरीला जेमतेम ७ हजार. तिथे एका दिशेच्या आठ कॅव्हिटी मिळून १६ दशलक्ष व्होल्ट देतात ते मुख्यतः पुंजके आखूड आणि घट्ट धरून ठेवायला.

शक्ती कॅव्हिटीपर्यंत कशी पोचते

रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी १९३७ मध्ये स्टॅनफर्डला क्लायस्ट्रॉन बनवला. त्याचं काम पाहिलं की मला तो आरशातला त्वरक वाटतो. इलेक्ट्रॉनचा सलग झोत एका छोट्या कॅव्हिटीतून जातो. तिथला हलका आरएफ संकेत काहींना किंचित वेगवान करतो, काहींना संथ. पुढच्या मोकळ्या नळीत वेगवान मागून येऊन संथांना गाठतात आणि सलग झोताचे पुंजके होतात. हे पुंजके शेवटच्या कॅव्हिटीत ऊर्जा टाकून जातात. काही दशक वॅटच्या संकेतातून शेकडो किलोवॅट निघतात. त्वरकात आरएफ कणांना ऊर्जा देते, इथे कण आरएफला देतात.

गेल्या दोन दशकांत ट्रान्झिस्टरचे शक्तिवर्धक मोठ्या रिंगमध्ये आले. फ्रान्सच्या सोलेई या क्ष-किरण देणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या रिंगने ३५२ मेगाहर्ट्झवर १९० किलोवॅटचे असे संच प्रथम वापरले. शेकडो लहान मॉड्यूलची शक्ती एकत्र जोडलेली असते. एखादं बंद पडलं तरी बाकीची यंत्र चालू ठेवतात. मी आज नवी रिंग आखत असतो तर ५०० मेगाहर्ट्झसाठी डोळे झाकून हेच निवडले असते. मोठ्या शक्तीचे आखूड स्पंद हवे असतील, तर मात्र क्लायस्ट्रॉनला अजून पर्याय नाही.

शक्तीच्या वाटेवर सर्क्युलेटर बसवतात. तो पुढे जाणारी लाट जाऊ देतो आणि परत आलेली बाजूच्या पाण्याने थंड केलेल्या भारात वळवतो, म्हणजे क्लायस्ट्रॉन वाचतो. त्यानंतर येतो शक्ती कॅव्हिटीत सोडणारा कपलर आणि त्यातली सिरॅमिकची खिडकी. तिच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला निर्वात आणि मधून शेकडो किलोवॅट. ती तडकली तर निर्वात जातो आणि अतिसंवाहक कॅव्हिटीत धूळ शिरली की तिचा तो अफाट क्यू कोसळतो. आकडेमोडीत या खिडकीला एक ओळ मिळते. प्रत्यक्षात ती नवीन असताना दिवसच्या दिवस शक्ती इंचाइंचाने वाढवत, निर्वाताच्या मापकावर डोळे ठेवून तिला सरावावी लागते.

कणही सर्किटचा भाग आहेत

इथे नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो. कॅव्हिटी कणांना ऊर्जा देते, कण ती घेतात, एवढं चित्र मनात असतं. पण ३०० मिलिअँपिअरचा झोत हा स्वतः एक मोठा आरएफ प्रवाह आहे. पुंजके आखूड असतील तर मूळ वारंवारतेचा त्याचा भाग जवळजवळ दुप्पट, ६०० मिलिअँपिअर भरतो. तो कॅव्हिटीत स्वतःचं व्होल्टेज उभं करतो, तेही आपल्याला नको त्या फेजमध्ये. कॅव्हिटीत दिसणारं व्होल्टेज म्हणजे आपण दिलेलं आणि कणांनी उभं केलेलं यांची बेरीज. त्वरकाची माणसं याला बीम लोडिंग म्हणतात.

याचे दोन परिणाम आखणीत लगेच उतरतात. एक, कपलरचं प्रमाण. आपल्या रिंगमध्ये झोताला आणि भिंतींना साधारण सारखीच शक्ती लागते, म्हणून कपलर भिंतींच्या गरजेच्या दुप्पट शक्ती आत घेईल असा जुळवायचा. पूर्ण प्रवाहाला मग काहीही परत येत नाही. पण झोत नसताना तोच कपलर नवव्या हिश्शाइतकी, म्हणजे ११ टक्के शक्ती परत पाठवतो. कॅव्हिटी एकच, तरी रिकामी असताना आणि भरलेली असताना ती वेगळी वागते. सर्क्युलेटर का लागतो ते इथे पुरेपूर कळतं.

दोन, कॅव्हिटी मुद्दाम थोडी बेसूर ठेवावी लागते. झोताने आणलेली फेजची ओढ त्याने भरून निघते. कोणत्या बाजूला बेसूर करायचं हे केनेथ रॉबिन्सन यांनी गणिताने दाखवलं. चुकीच्या बाजूला केलं तर पुंजक्यांचं झुलणं शमण्याऐवजी वाढत जातं आणि झोत निघून जातो.

शिवाय डबीला मूळ सुराखेरीज वरचे सूरही असतात. एक पुंजका जाता जाता ते छेडून जातो, मागच्याला त्याचा हिसका बसतो, तो आणखी छेडतो. लाखो फेऱ्यांत हे वाढत गेलं तर सगळी रांग डोलू लागते. म्हणून मूळ सुराला धक्का न लावता वरचे सूर बाहेर काढून घेणारे कपलर किंवा नळीच्या बाजूला फेराइटचे शोषक बसवतात. कॅव्हिटीच्या आखणीत मूळ सुरापेक्षा या वरच्या सुरांवर जास्त दिवस खर्च होतात.

घड्याळ बरोबर ठेवणं

५०० मेगाहर्ट्झच्या तांब्याच्या कॅव्हिटीचं तापमान एक अंशाने वाढलं की तांबं फुगतं आणि सूर सुमारे ८ किलोहर्ट्झने उतरतो. म्हणून थंड करणारं पाणी अंशाच्या लहान हिश्शापर्यंत स्थिर ठेवतात आणि वर मोटरने आत-बाहेर होऊन सूर जुळवणारा ट्यूनर असतो.

अतिसंवाहक कॅव्हिटीचा सूर इतका बारीक असतो की पंपाचा थरथराट किंवा हेलियमच्या दाबातला बदलही तिला बेसूर करायला पुरतो. आतल्या क्षेत्राचा दाबही तिच्या दोन-तीन मिलिमीटरच्या भिंती वाकवतो. युरोपियन एक्सएफईएल या जर्मनीतल्या क्ष-किरण लेसरमधल्या १.३ गिगाहर्ट्झच्या कॅव्हिटीत हा बदल क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि मीटरला सुमारे २३ दशलक्ष व्होल्टच्या क्षेत्राला पाचशे हर्ट्झच्या घरात जातो. कॅव्हिटीच्या सुराची रुंदीच काही शे हर्ट्झ, म्हणजे कुणी काही केलं नाही तर ती स्वतःच्याच जोराने सुरातून बाहेर पडेल. म्हणून पिझो, म्हणजे व्होल्टेज दिलं की आकार बदलणारे स्फटिक तिला दर स्पंदाच्या वेळी उलट बाजूने दाबतात.

या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला लो लेव्हल आरएफ म्हणतात. ते कॅव्हिटीतलं व्होल्टेज आणि फेज सतत मोजतं, ठरलेल्याशी ताडून पाहतं आणि क्लायस्ट्रॉनला दुरुस्ती सांगतं. क्ष-किरणांच्या लेसरसाठी फेज अंशाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास स्थिर हवी असते. १.३ गिगाहर्ट्झला तेवढा अंश म्हणजे २१ फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा हिस्सा). इथे केबलची लांबीही आखणीत मोजावी लागते. कॅव्हिटीतून निघालेली बातमी नियंत्रकापर्यंत जाऊन परत यायला जितका उशीर, तितकी दुरुस्ती सौम्य ठेवावी लागते, नाहीतर ती स्वतःच डोलायला लागते. म्हणून या पेट्या होईल तितक्या कॅव्हिटीजवळ बसवतात.

एलएचसीत १० सप्टेंबर २००८ ला पहिल्यांदा झोत फिरला आणि दुसऱ्या दिवशी एका दिशेच्या झोतावर आरएफ चालू करून तो पकडायचा प्रयत्न झाला. आरएफ बंद असताना पडद्यावर पुंजका फेरीगणिक पसरत गेला आणि सुमारे अडीचशे फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शात, विरून गेला. मग आरएफ चालू केली, पण पुंजका नेमका उलट्या फेजला उतरला. बादलीच्या तळाऐवजी तो काठावर पडला आणि दोन्हीकडे फुटला. अर्ध्या आवर्तनाचा, सव्वा नॅनोसेकंदाचा फरक होता. फेज सुधारली, पुन्हा झोत सोडला. या वेळी पुंजक्याची रेघ पडद्यावर वरपासून खालपर्यंत, फेरीमागून फेरी, एकाच जागी उभी राहिली.